गरोदरपणी पॅपचा रिपोर्ट बिघडला तर

“पॅपचा रिपोर्ट खराब आलाय. आता मूल ठेवायचं की नाही?” आरोग्यावर लिहायला लागल्यापासून हा प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणारी ती बाई नसतेच. तिची नणंद असते, जाऊ असते, नवऱ्याचा मित्र असतो. लॅबकडून संध्याकाळी पीडीएफ येते, त्यात ठळक अक्षरांत ‘एचएसआयएल’ लिहिलेलं असतं, आणि डॉक्टरांची वेळ मिळण्याआधीच घरात ठरून जातं की हा कॅन्सर आहे, गर्भ पाडावा लागेल आणि बहुधा पिशवीही काढावी लागेल.

यातलं काहीही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. पॅप ही चाळणी चाचणी आहे. गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने अलगद खरवडून घेतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून, कोणाची तपासणी आणखी बारकाईने करायची एवढंच ठरवतात. एएससी-यूएस म्हणजे पेशी थोड्या संशयास्पद, एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, एचएसआयएल म्हणजे जास्त बदल. या बदलांमागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो आणि दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपला आपण निघून जातो.

जास्त बदल झाले असले, तरी कॅन्सर व्हायला किती काळ लागतो? याचं उत्तर एका लाजिरवाण्या प्रकरणातून मिळालं आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत काही स्त्रियांचे सीआयएन-३ हे गंभीर बदल उपचार न करता नुसते पाहत राहण्यात आले. त्यावर पुढे न्यायालयीन चौकशी झाली, १९८८ मध्ये अहवाल आला. त्याच स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. पुरेसा उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झाला, पण तीस वर्षांच्या काळात. नीट उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे हे बदल हलक्यात घेण्यासारखे नक्कीच नाहीत, पण त्यांचा हिशेब वर्षांचा आहे आणि गरोदरपण नऊ महिन्यांचं. पोटात मूल असलं की हे बदल झपाट्याने वाढतात, हेही खरं नाही. त्या काळात त्यांचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं फार विरळ आहे, आणि बाळंतपणानंतर अनेकींचे बदल कमी झालेले किंवा नाहीसे झालेले आढळतात.

म्हणूनच डॉक्टर तपासणी थांबवत नाहीत, उपचार मात्र पुढे ढकलतात. ‘डॉक्टर टाळाटाळ करताहेत’ असं घरच्यांना वाटतं ते इथेच. अमेरिकेतल्या एएससीसीपी या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरली जातात. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की गरोदर स्त्रीचीही कॉल्पोस्कोपी (पिशवीच्या तोंडाची दुर्बिणीतून तपासणी) इतरांच्याच निकषांवर करावी, गरज वाटली तर बायोप्सी घ्यावी, मात्र पिशवीच्या तोंडाचा आतला भाग खरवडू नये. बायोप्सीत सीआयएन-२ किंवा ३ आलं तरी ते लगेच कापून काढायचं नाही. दर १२ ते २४ आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, किंवा थेट बाळंतपणानंतर. कारण या दिवसांत पिशवीच्या तोंडाचा रक्तपुरवठा खूप वाढलेला असतो. तिथे कापाकापी केली तर मोठा रक्तस्राव, गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती असे धोके संभवतात. प्रत्यक्ष कॅन्सरचाच दाट संशय असेल तर गोष्ट वेगळी. आणि कॅन्सर निघालाच, तरी किती आठवडे झालेत आणि तो किती पसरलाय हे बघून कर्करोगतज्ज्ञ ठरवतात. तेव्हाही गर्भपात हा एकच रस्ता नसतो.

कॉल्पोस्कोपी या नावाचीच बायकांना धास्ती वाटते. नळी आत बाळापर्यंत जाते, असा समज मी कितीतरी जणींकडून ऐकला आहे. खरं तर ती दुर्बीण शरीराबाहेरच राहते. पॅपसारखंच टेबलावर झोपवून, पिशवीच्या तोंडावर कापसाने पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात. थोडं चुरचुरतं. मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसू लागतो आणि गरज असेल तर तिथलाच काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. एक-दोन दिवस डाग दिसतात, बाळाला इजा होत नाही. गरोदरपणी हा भाग वेगळा दिसतो, त्यामुळे अनुभवी नजर हवी, एवढं मात्र नक्की.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पॅप केल्याने गर्भ पडत नाही. पेशींतल्या या बदलांसाठी सिझेरियन लागत नाही. अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाला एचपीव्हीमुळे घशाचा त्रास होणं अतिशय दुर्मिळ आहे आणि तेवढ्यासाठी सिझेरियन करू नये, असाच सल्ला आहे. एचपीव्हीची लस, पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हावॅक’ असो वा दुसरी, गरोदरपणी सुरू करत नाहीत, पण दिवस राहिल्याचं कळण्याआधी एखादा डोस गेला असेल तर घाबरू नये. उरलेले बाळंतपणानंतर घेता येतात. आणि हा रिपोर्ट पुढे करून कोणाच्याही चारित्र्यावर बोट ठेवणं थांबवा. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी होतो, तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, आणि तो कुणाकडून कधी आला हे कुठलीच चाचणी सांगत नाही.

मला खरी काळजी वाटते ती पुढची. ‘बाळंतपणात सगळं धुऊन निघतं’ असं ठामपणे सांगणाऱ्या बायका अजून आहेत. एवढा आकांत झालेला असतो, पण बाळंतीण माहेरी जाते, फाईल सासरी राहते. बाळाचे सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस वेळेवर होतात आणि आईच्या कॉल्पोस्कोपीचं नावही कोणी काढत नाही. ऑकलंडच्या ३१ टक्क्यांचा अर्थ इथे लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाली होती. तपासणीचं मोल आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सिद्ध झालं आहे. तिथल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो अभ्यास २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. ज्या बाईचा दोष वेळेवर सापडला आहे, तिनेच पुढची तपासणी चुकवावी याचा मला फार राग येतो.

ही कॉल्पोस्कोपी प्रसूतीनंतर चार आठवड्यांच्या आत करत नाहीत. बाळाच्या दीड महिन्याच्या डोसला जाल तेव्हाच तिची तारीख घेऊन टाका, आणि माहेरी जाताना पॅप, कॉल्पोस्कोपी, बायोप्सीचे कागद बरोबर न्या. बदल तेव्हाही टिकून असले तर बहुतेकदा तेवढा भाग भूल देऊन काढतात आणि सहसा त्याच दिवशी घरी सोडतात. पिशवी जागेवर राहते, पुढचं मूलही होऊ शकतं. फक्त त्या वेळी आपल्यावर हा उपचार झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता त्याने थोडी वाढते.