आधी संघ, मग राष्ट्र (संघराज्यांची जडणघडण : लेखांक ७)

४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि अमेरिकी राष्ट्र जन्मले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ब्रिटनचे जोखड झुगारले ते तेरा वेगवेगळ्या वसाहतींनी. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन पंथीयांची गावे होती, पेनसिल्व्हेनियात क्वेकर आणि जर्मन शेतकरी होते, तर दक्षिण कॅरोलिनात गुलामांच्या श्रमावर भात आणि निळीची शेती चाले. ‘माझा देश’ म्हणताना थॉमस जेफरसनच्या मनात बहुतेक वेळा व्हर्जिनियाच असे. राष्ट्रभावना आधी आणि राज्यसंस्था नंतर हा युरोपातील अनेक देशांचा क्रम अमेरिकेत उलटा झाला. संघ आधी उभा राहिला आणि त्याला राष्ट्राचे रूप येण्यास जवळपास शतक लागले. जमीन, कर्ज आणि नागरिकत्व या तीन व्यवहारांचा त्यात सर्वांत मोठा वाटा आहे.

संघाचा पहिला करारनामा राज्यांच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने नोव्हेंबर १७७७ मध्ये स्वीकारला. त्यात प्रत्येक राज्याला एक मत होते. महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्यांची संमती लागे आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची. कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे आणि त्यांनी जमेल तसे द्यायचे, असा कारभार होता. आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याची मुभा तिने मागितली, तेव्हा एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे ती योजना बारगळली.

एवढा दुबळा करारही सव्वातीन वर्षे अडून राहिला होता, तो जमिनीपायी. व्हर्जिनियासारखी राज्ये जुन्या राजसनदांच्या आधारे पश्चिमेकडील अफाट प्रदेशावर हक्क सांगत होती. मेरीलँडला असा हक्क नव्हता. शेजारचे राज्य जमिनी विकून कर भागवणार आणि आपली माणसे तिकडे निघून जाणार, ही त्याची भीती रास्तच होती. हे दावे संघाच्या हवाली करण्याची तयारी व्हर्जिनियाने दाखवली, तेव्हा कुठे मेरीलँडने १ मार्च १७८१ रोजी करार लागू होऊ दिला. ओहायो नदीच्या उत्तरेचा मुलूख असा सर्वांच्या सामाईक मालकीचा झाला. तेरा राज्यांची मिळून अशी पहिली मालमत्ता तीच.

या मुलखाचे काय करायचे, हे १७८५ आणि १७८७ च्या दोन कायद्यांनी ठरवले. पहिल्या कायद्यानुसार जमिनीची मोजणी करून सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन आखले गेले. प्रत्येकाचे ६४० एकरांचे ३६ तुकडे पाडले आणि त्यांतला सोळावा तुकडा सार्वजनिक शाळेसाठी राखून ठेवला. वस्ती होण्याआधीच शाळेची जमीन कागदावर निश्चित झाली, ही तपशिलाची बाब वाटली तरी दूरदृष्टीची होती. विमानातून दिसणारी मध्य-पश्चिमेतील चौकटीदार शेते हीच आखणी आजही दाखवतात. दुसरा कायदा त्याहून मोलाचा ठरला. एखाद्या प्रदेशात ६०,००० मुक्त रहिवासी झाले की तो जुन्या तेरा राज्यांच्या पूर्ण बरोबरीने नवे राज्य म्हणून संघात यावा, असे त्याने ठरवले. गुलामगिरीलाही तिथे बंदी घातली. स्वतः वसाहत म्हणून जाच सोसलेल्या राज्यांनी नव्या मुलखाला वसाहत करून ठेवायचे नाकारले. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्ये याच वाटेने घडली. तिथल्या वस्तीकऱ्याची जमीन आणि त्याचे शासन, दोन्ही संघाने दिलेले होते. त्यामुळे त्याची निष्ठा संघाशी जडणे स्वाभाविक होते. मात्र ही जमीन रिकामी नव्हती. शॉनी, मायामी आदी जमातींची ती भूमी होती आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने तिचा मोठा भाग त्यांच्याकडून हिरावला गेला. या राष्ट्रबांधणीची किंमत प्रथम त्यांनी मोजली.

कर्जाचा प्रश्नही तितकाच जिवाचा होता. युद्धखर्चाचे कर्ज फेडण्यासाठी मॅसॅच्युसेट्सने जबर कर बसवले आणि ते रोख नाण्यात मागितले. पश्चिम भागातील शेतकऱ्यांकडे धान्य होते, नाणे नव्हते. जमिनी जप्त होऊ लागल्या, तशी त्यांनी १७८६ मध्ये न्यायालये बंद पाडायला सुरुवात केली. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला अधिकारी होता. बंड मोडायला संघाकडे पैसा नव्हता, म्हणून बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून फौज उभी करावी लागली. या धक्क्याच्या सावटाखाली १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. ५५ प्रतिनिधी आले, ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही.

घटनेच्या आधीच्या मसुद्याच्या आरंभी लोकांचा उल्लेख राज्यवार होता. तेराही राज्यांची नावे ओळीने होती. गव्हर्नूर मॉरिसने शेवटचा हात फिरवताना ती यादी काढून ‘संयुक्त संस्थानांचे लोक’ एवढेच ठेवले. घटना लागू व्हायला नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरवली होती आणि ती कोणती नऊ हे माहीत नव्हते, त्यामुळे नावे घालणे अवघडच होते. तरी या बदलातले राजकारण व्हर्जिनियाच्या पॅट्रिक हेन्रीने अचूक हेरले. राज्यांऐवजी लोकांच्या नावाने बोलण्याचा अधिकार घटना परिषदेला दिला कोणी, असा त्याचा रोखठोक सवाल होता.

नव्या सरकारचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने जानेवारी १७९० मध्ये राज्यांची युद्धकर्जे संघाने आपल्या डोक्यावर घ्यावीत, असा प्रस्ताव मांडला. संघाचे स्वतःचे कर्ज सुमारे ५.४ कोटी डॉलर होते, राज्यांचे अंदाजे २.५ कोटी. देणेकरी एकच झाला की सारे धनको त्याच्याच भरभराटीची चिंता करतील, हा त्याचा हिशेब. आपले कर्ज बरेचसे फेडून बसलेल्या व्हर्जिनियाने कडाडून विरोध केला. अखेर राजधानी पोटोमॅक नदीकाठी नेण्याच्या बदल्यात सौदा जमला. युरोपीय संघाने २०२० मध्ये महासाथीनंतरच्या उभारणीसाठी सामाईक कर्ज काढायचे ठरवले, तेव्हा जर्मन अर्थमंत्री ओलाफ शोल्ट्झ यांनी हॅमिल्टनचाच दाखला दिला होता. राज्याराज्यांच्या एकत्रीकरणात सामाईक कर्जाचे बंधन किती पक्के असते, याची ती कबुलीच होती.

एवढे होऊनही राज्यनिष्ठा विरली नाही. यादवी युद्धाच्या तोंडावर, एप्रिल १८६१ मध्ये, व्हर्जिनियाचा लष्करी अधिकारी रॉबर्ट ली याला संघाच्या फौजेचे नेतृत्व देऊ केले गेले. राज्यांनी फुटून निघणे त्याला पसंत नव्हते. तरीही व्हर्जिनिया फुटताच त्याने राजीनामा दिला आणि तो तिच्या बाजूने लढला. गुलामगिरी टिकवण्यासाठी बाहेर पडलेली अकरा राज्ये चार वर्षांच्या रक्तपातानंतर परत आली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्याला आधी संघाचे आणि त्यामुळे राज्याचे नागरिकत्व दिले. कृष्णवर्णीयांना नागरिकच होता येत नाही, हा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल त्यामुळे रद्दबातल झाला.

याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात जेम्स ब्राइसने नोंदवलेली एक हकिगत सांगितली. अमेरिकेतील एका चर्चने प्रार्थनेत ‘राष्ट्र’ हा शब्द घातला आणि दुसऱ्याच दिवशी सदस्यांच्या आक्षेपामुळे काढून टाकला. अमेरिकनांनाच आपण राष्ट्र आहोत असे वाटत नव्हते, तर हजारो जातींत विभागलेल्या भारतीयांनी स्वतःला राष्ट्र समजणे हा भ्रम आहे. ते व्हायचे तर बंधुता हवी, हा त्यांचा मुद्दा होता. भारताने दुहेरी नागरिकत्व टाळून एकच नागरिकत्व स्वीकारले, हा अमेरिकेपासूनचा फरक त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ लाच स्पष्ट केला होता.

अमेरिकी नागरिकत्वाची दारेही सर्वांना एकदम उघडली नाहीत. भगतसिंग थिंड यांच्या १९२३ च्या खटल्यात भारतीय हे ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्वास अपात्र ठरले. ही अट १९४६ मध्ये उठली. मूळ निवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले, ते १७८७ च्या कायद्यातून घडलेल्या राज्याचे प्रतिनिधी म्हणून.

बरोबरीने राज्य करून घेण्याचे ते वचन सगळीकडे मात्र पाळले गेले नाही. १८९८ मध्ये स्पेनकडून घेतलेला पोर्तो रिको त्याबाहेर राहिला. संघाच्या ताब्यातील प्रत्येक प्रदेशाला घटना पूर्णपणे लागू होतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९०१ पासूनच्या निकालांत ठरवले. तिथल्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले. पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही आणि काँग्रेसमधील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा अधिकार नाही. संघात शेवटची नवी राज्ये आली ती १९५९ मध्ये, अलास्का आणि हवाई.