नौकेचा कर्णधार

‘कर्णधार’ हा शब्द आपण क्रिकेटच्या संघनायकास सहज लावतों. परंतु त्याचा मूळ अर्थ थोड्यांच्याच ध्यानांत असतो. संस्कृतांत ‘कर्ण’ म्हणजे नौकेचें सुकाणूं. तें धरणारा तो कर्णधार. नौकांच्या शर्यतींत हा मूळ अर्थ अद्यापि जिवंत आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची प्रसिद्ध नौकाशर्यत १८२९ सालीं सुरू झाली. पुढें तिच्यासाठीं टेम्स नदीवरील पटनी ते मॉर्टलेक हा सुमारें सव्वाचार मैलांचा मार्ग ठरला. नौकेंत आठ वल्हेकरी असतात; पण त्या आठांचीही पाठ पुढल्या दिशेकडे! आपण कोठें चाललों आहों, हें त्यांस दिसत नाहीं. दिसतें तें केवळ नवव्यास. तो त्यांच्याकडे तोंड करून बसतो आणि सुकाणूं चालवितो.

सुकाणूं फार वळविलें तर पाणी अडून वेग मंदावतो. म्हणून वळण आधींच ओळखून तें हलक्या हातानें वळवावें लागतें. शिवाय आठ वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत पडावीं म्हणून तो ताल सांगतो, चुकणाऱ्यास सावध करतो, थकलेल्यांस धीर देतो. अंतर किती उरलें, हें तो सांगेल तेंच त्यांनीं खरें मानावयाचें. तेव्हां त्याच्या अंगीं कौशल्याइतकाच सत्यनिष्ठपणाही हवा.

तो स्वतः वल्हें मारीत नाहीं. त्याचें वजन इतरांस वाहावें लागतें. यास्तव लहान चणीचा माणूसच या कामीं निवडतात. १९०० सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत हॉलंडच्या दोघां वल्हेकऱ्यांनीं, आपला नेहमींचा कर्णधार जड पडतो असें पाहून, एका लहान फ्रेंच मुलास नौकेंत घेतलें, आणि अंतिम शर्यत थोडक्यानें जिंकली! त्या मुलाचें छायाचित्र उरलें आहे. नोंदींत मात्र त्याचें नांव नाहीं. पुढें १९८१ सालीं सू ब्राऊन या विद्यार्थिनीनें ऑक्सफर्डच्या पुरुषांच्या नौकेचें सुकाणूं धरलें. त्या शर्यतींत हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री. आणि त्या वर्षीं ऑक्सफर्डच विजयी झालें.

शरीरानें लहान म्हणून खेळांत आपला उपयोग नाहीं, असें मानून खिन्न होणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं हें अवश्य ध्यानीं धरावें. आठ जणांचें बळ ज्याच्या शब्दावर विसंबतें, त्यानें बाहुबळापेक्षां दृष्टि आणि वाणी हींच शुद्ध राखावीं.