जुन्या बुलेटला नवा सायलेन्सर

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढणाऱ्या जुन्या बुलेटचा सायलेन्सर सडतो, तो बाहेरच्या पावसाने कमी, आतल्या पाण्याने अधिक. असे पहा, एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने निघते. बाजारापुरत्या फेरीत सायलेन्सर नीट तापत नाही; वाफेचे आतच पाणी होते अन् लोखंड गंजते. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याचा पापुद्रा धातूला राखतो.

मात्र बसवताना घाई नको. तापल्यावर हे पोलाद साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट वाढते. ओढूनताणून बसवलेली नळी मग पट्टीला तडा देते. म्हणून सगळे नट आधी हातानेच फिरवा. नळी आपसूक जागी बसली, की हेडाकडून मागे आवळत या. बोटांचे डाग पुसा. तापल्यावर ते उमटून राहतात. एक फेरी मारा, गाडी निवू द्या, नट पुन्हा तपासा. उतारावर फटफट आवाज आला, तर सांध्यातून हवा शिरते आहे असे समजा.

आणि आतले पडदे काढू नका. कर्कश आवाज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. शिवाय घाटातल्या पाड्यांवर रात्री माणसे झोपलेली असतात.