स्गांग ग्वायचे स्तंभ

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हायडा ग्वाय द्वीपसमूह आहे. त्याच्या दक्षिण टोकाजवळच्या एका लहान बेटावर स्गांग ग्वाय हे हायडा लोकांचे जुने गाव. १८६२ मध्ये पसरलेल्या देवीच्या साथीने हायडांच्या वस्त्याच्या वस्त्या उजाड केल्या. शतक संपण्याआधी हे गावही ओस पडले.

किनाऱ्यावर आजही लाल सीडारच्या लाकडाचे कोरीव स्तंभ उभे आहेत. त्यांवर अस्वल, गरुड, ओर्का अशी कुळांची चिन्हे. मृत्युस्तंभाच्या माथ्यावरच्या पोकळीत प्रतिष्ठित व्यक्तीचे अवशेष पेटीत ठेवत. लाकूड आता शेवाळले आहे, कलले आहे. स्तंभाने अखेर मातीत मिसळावे, अशी हायडांची धारणा. म्हणून झीज थोडी लांबवली जाते, पण रोखली जात नाही. जतनाचा हा विचार संग्रहालयातल्या काचेच्या पेटीपेक्षा अधिक खरा वाटतो.

१९८१ पासून हे गाव जागतिक वारसा स्थळ आहे. उन्हाळ्यात हायडा राखणदार इथे मुक्कामी असतात. बोटीने किंवा समुद्री विमानाने येणाऱ्यांना ते शिंपल्यांनी आखलेल्या वाटेवरून फिरवतात, पूर्वजांच्या कथा सांगतात. स्तंभाला हात लावायचा नाही.

ही कला थांबलेली नाही. २०१३ मध्ये हे गाव ज्या संरक्षित प्रदेशात येते, त्यातल्याच लायल बेटावर नवा स्तंभ उभा राहिला. त्या प्रदेशातला १३० वर्षांतला पहिलाच.