पनवेलच्या खोलीची किंमत कशी काढावी?

पुष्कळ घरांत असं होतं. वडिलांनी पनवेलला घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट मागे राहतो. भाऊ म्हणतात, आम्ही ठेवतो, ताई, तू हक्कसोडपत्रावर सही कर. ताईच्या वाट्याचे पैसे किती? दलाल एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा. अशा वेळी मागितलेल्या किमतीवर जाऊ नका. झालेल्या व्यवहारांकडे पाहा. मागणारा काहीही मागेल, किंमत ठरते ती कुणीतरी मोजलेल्या पैशांनी.

हे व्यवहार कुठं पाहायचे? खरेदीखताची नोंदणी झाली की ‘सूची क्रमांक दोन’ तयार होते. तीत मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. त्याच इमारतीतले, निदान त्याच आळीतले तीनचार व्यवहार घ्या. जुनं पनवेल गाव आणि सिडकोने वसवलेलं नवीन पनवेल यांची सरमिसळ मात्र नको.

मग क्षेत्रफळ एकाच मापात आणा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. चटई क्षेत्राची तुलना चटई क्षेत्राशीच करावी. ‘सुपर बिल्ट-अप’मध्ये जिना, लिफ्ट यांचा वाटाही धरलेला असतो; त्यामुळे दर फसवा दिसतो.

आता हिशेब. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. आपला फ्लॅट ४०० चौरस फूट चटई क्षेत्राचा. दोन वर्षांपूर्वी तेवढाच फ्लॅट ३२,००,००० रुपयांना गेला : दर ८,०००. वर्षापूर्वी ३८० फुटांचा ३२,३०,००० ला : दर ८,५००. गेल्या महिन्यात ४२० फुटांचा ४२,००,००० ला : दर १०,०००. थांबा! या शेवटच्या किमतीत गाडीची बंदिस्त जागा व सामान मिळून ४,२०,००० रुपये होते. ते वजा केले की दर उरतो ९,०००. म्हणजे भाव वर्षाला ५०० ने चढला आणि आजचा दर ९,००० आला. ४०० ने गुणले, ३६,००,०००. आपला फ्लॅट लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, आणि वरचे मजले तिथं पाच टक्के कमीनं गेलेले दिसतात. तर १,८०,००० वजा. उरले ३४,२०,०००. साधारण ३३ ते ३५ लाख समजा. तिन्ही दरांची नुसती सरासरी काढली असती, तर जुना भाव आणि गाडीची जागा दोन्ही हिशेबात घुसली असती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सरकारी वार्षिक दर-तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो. करारातली रक्कम आणि तक्त्याप्रमाणे येणारं मूल्य यांत जे जास्त, त्यावर शुल्क बसतं. तक्ता म्हणजे बाजारभाव नव्हे. दुसरं, पनवेलच्या आसपास मोठे बदल झाले. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. अशा घटनेच्या आधीचा व्यवहार नंतरच्या भावाला जशाचा तसा लावू नये. पण विमानतळ आला म्हणून भाव दुप्पट, हेही ऐकून मानू नये. नंतरचे दस्त काय सांगतात ते पाहावं.

शिक्षकबंधूंनी हे गणित सातवीच्या वर्गात अवश्य घालावं. गुणाकार, भागाकार, शेकडेवारी, सारं त्यात आहे. आणि ताई, कागदावर हा हिशेब मांडल्याशिवाय सही करू नका. भावांनाही तो दाखवा; आकडे समोर असले की भांडणाला जागा कमी उरते.