उजव्या हाताची खुर्ची

न्यूयॉर्कच्या जुन्या श्रीमंतांत कुणाला वाळीत टाकायचं तर त्याचा गाजावाजा होत नसे. जेवणाचं बोलावणं बंद होई, एवढंच. ईडिथ व्हॉर्टनचा जन्म याच गोतावळ्यातला, १८६२चा. माहेरचं आडनाव जोन्स. लग्न होईपर्यंत कादंबऱ्यांना हात लावायचा नाही, ही आईची ताकीद. १८८५मध्ये टेडी व्हॉर्टनशी लग्न झालं. १८९७मध्ये ऑग्डेन कॉडमन या वास्तुरचनाकारासोबत तिनं पुस्तक लिहिलं ते घरसजावटीवर, आणि मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. तिच्या कादंबऱ्यांतही कोण कुठे बसलंय यावरून माणसाची पत कळते.

१९०५ची ‘द हाउस ऑफ मर्थ’ घ्या. लिली बार्ट २९ वर्षांची, देखणी आणि कफल्लक. ब्रिजमध्ये हरणारी. मैत्रिणीचा नवरा गस ट्रेनर तिचेच पैसे बाजारात गुंतवून नफा आणून देतोय, असं ती धरून चालते. पैसे असतात त्याच्या खिशातले, आणि वसुली त्याला वेगळीच हवी असते. पुढे मॉन्टे कार्लोत, जेवण आटोपताना, जिच्या यॉटवर लिली पाहुणी आहे ती बर्था डॉर्सेट स्वतःची भानगड झाकायला चारचौघांत सांगून टाकते, की लिली आता आमच्या यॉटवर परतणार नाही. आवाज चढत नाही, पण लिलीचा निकाल लागतो. आत्या मृत्युपत्रात दहा हजार डॉलर ठेवते. ट्रेनरचं देणं जवळपास नऊ हजार. त्याचा चेक लिहून लिली झोपेचं औषध घेते, प्रमाणाबाहेर. इतका निर्दय हिशेब मी फार थोड्या कादंबऱ्यांत पाहिलाय.

टेडीशी संसार मोडला, १९१३मध्ये पॅरिसमध्ये घटस्फोट झाला. महायुद्धात निर्वासितांसाठी राबून झाल्यावर, फ्रान्समध्येच राहून, ती १८७०च्या दशकातल्या न्यूयॉर्ककडे वळली. १९२०च्या ‘द एज ऑफ इनोसन्स’मध्ये न्यूलँड आर्चर बायकोच्या नात्यातल्या एलेन ओलेन्स्कावर जीव टाकतो. एलेन युरोपला परतणार म्हणून बायको, मे, निरोपाचं जेवण ठरवते. एलेनला मान म्हणून यजमानाच्या उजव्या हाताची खुर्ची! गप्पा चाललेल्या असताना आर्चरच्या ध्यानात येतं, की या सगळ्यांच्या लेखी आपल्या दोघांचे चोरटे संबंध आहेत, आणि ही पंगत मेच्या पाठीशी उभं राहायला जमलीय. आपल्याला दिवस गेल्याचं मेनं एलेनला खात्री होण्याआधीच सांगितलं होतं, हे त्याला पाहुणे गेल्यावर कळतं. भोळी मे सगळ्यांत पक्की निघते.

या कादंबरीला १९२१चं पुलित्झर मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री. परीक्षकांचा कौल खरं तर सिंक्लेअर ल्युइसच्या ‘मेन स्ट्रीट’ला होता, विश्वस्तांनी तो फिरवला. पारितोषिकाची अट होती अमेरिकी जीवनातलं निकोप वातावरण आणि शिष्टाचाराचा उच्च आदर्श दाखवण्याची. ज्या शिष्टाचाराची तिनं चिरफाड केली, त्याच्याच नावानं हे बक्षीस! ल्युइसनं अभिनंदनाचं पत्र धाडलं, तेव्हा तिनं उत्तरात आपली निराशा लपवली नाही. १९२२मध्ये ‘बॅबिट’ आली, ती ल्युइसनं तिलाच अर्पण केली होती.