टर्कीच्या मानेवर लाल ठिपका

एप्रिल-मे हा अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचा मुख्य हंगाम. शिकारी उजाडायच्या आधीच जंगलात जाऊन झाडाला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. नर पिसारा फुलवून, दिमाखात येतो. पण त्या भरगच्च पिसांवर छर्रे मारून उपयोग नसतो, पक्षी जखमी होऊन पळून जातो. मारायचं ते डोक्यावर आणि मानेवर, म्हणजे 30-40 यार्डांवरच्या, सतत हलणाऱ्या, मनगटाएवढ्या लक्ष्यावर. त्यामुळे नेमाच्या नव्या साधनांचा सगळ्यात मोठा शौक याच शिकाऱ्यांना लागला.

छर्र्याची बंदूक मुळात असा बारीक नेम धरण्यासाठी घडलेलीच नाही. नळीच्या टोकाला पितळेचा एक मणी असतो, तीच तिची माशी. मागची खूण नसते, ते काम बंदूकवाल्याचा डोळा करतो. गाल दस्त्यावर जिथे टेकेल, तिथून डोळ्याची उंची ठरते. उडत्या बदकासाठी हे उत्तम. नजर पक्ष्यावर ठेवायची, बंदूक आपोआप मागोमाग जाते. उलट माशीकडे लक्ष गेलं की हात थबकतो आणि छर्रे पक्ष्याच्या मागून जातात. म्हणून जो फक्त उडती पाखरं मारतो, त्याने साध्या माशीवर समाधान मानावं. दुकानदार काहीही सांगो.

टर्कीचं गणित वेगळं. समोर पक्षी आला की उत्साहात मान वर होते, गाल दस्त्यावरून सुटतो. डोळा ते माशी हे अंतर साधारण 36 इंच आणि 40 यार्ड म्हणजे 1440 इंच, म्हणजे चाळीसपट. डोळा पाव इंच वर गेला, तर मारा 10 इंच वर जातो. त्यात टर्कीसाठी नळीच्या तोंडाशी घट्ट चोक बसवलेला असतो, छर्रे फार फैलावू नयेत म्हणून. 40 यार्डांवर 10 इंचांच्या वर्तुळात 100 छर्रे बसावेत, हा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा. जवळच्या पक्ष्यावर तर हा झोत मुठीएवढाच असतो, आणि हमखास वाटणारा बार फुकट जातो.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे फायबर ऑप्टिकची माशी. रंगीत प्लॅस्टिकची काडी अंगभर उजेड गोळा करते आणि टोकातून बाहेर टाकते. बॅटरी लागत नाही. पण पुढे एकच काडी बसवली तर ती उठून दिसते, इतकंच; वर झालेल्या गालाचा दोष तसाच राहतो. मागे दोन हिरव्या आणि पुढे एक लाल अशी जोडी असेल, तर तिन्ही ठिपके एका ओळीत आणताना मान आपोआप जागेवर येते. कमी पैशांत काम भागवायचं असेल, तर मी ही जोडीच सुचवेन.

खरा फरक पडतो तो रेड डॉटने. यातलं मूळ तत्त्व जुनं आहे. आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी परावर्तनावर चालणारं नेमयंत्र 1900 मध्येच मांडलं होतं. बॅटरीवर चालणारा रेड डॉट बाजारात आणला तो स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने, 1975 मध्ये. बारीक एलईडीचा लाल प्रकाश खास लेप दिलेल्या काचेवरून परतून डोळ्यात येतो आणि ठिपका काचेवर न दिसता दूर, लक्ष्याजवळ असल्यासारखा भासतो. त्यामुळे डोळा थोडा सरकला तरी ठिपका जिथे दिसतो, मारा जवळपास तिथेच जातो. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, ही आणखी एक सोय.

ठिपक्याचा आकार एमओए या मापात सांगतात. 1 एमओए म्हणजे 100 यार्डांवर साधारण 1 इंच. 3 एमओएचा ठिपका 40 यार्डांवर सव्वा इंच झाकतो, टर्कीला तो पुरतो. मोठा ठिपका पटकन सापडतो, पण पक्ष्याचं डोकंच झाकून टाकतो.

नुसतं बसवून मात्र काही होत नाही. जे काडतूस आणि जो चोक शिकारीला न्यायचा, तोच घेऊन कागदावर बार काढायचे. पण त्याआधी ढोबळ नेम जवळून, हलक्या काडतुसांनी बसवायचा, कारण टर्कीच्या जड काडतुसांचा धक्का खांदा लवकर दुखावतो आणि माणूस चाप ओढताना दचकायला लागतो. फैलावाचा मध्य 40 यार्डांवर 4 इंच उजवीकडे असेल आणि ठिपका सरकवणाऱ्या चकतीची एक क्लिक 1 एमओएची असेल, तर 10 क्लिक डावीकडे. जड काडतुसांचा धक्का रेड डॉटचे स्क्रूही ढिले करतो. म्हणून स्क्रू घट्ट पकडणारं द्रव्य लावायचं आणि वर रंगाची एक रेघ ओढून ठेवायची; स्क्रू फिरला तर लगेच कळतं.

दुर्बिणीसारखी मोठं दाखवणारी काच टर्कीसाठी मला पटत नाही. समोर हललं ते काय, हे बघायला माणूस बंदूकच रोखतो, आणि समोर दुसरा शिकारीही असू शकतो. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं. चुकून आपल्यावरच नेम धरला जाऊ नये म्हणून जाणते शिकारी हे रंग अंगावर घालत नाहीत. ओळख पटवायची ती दुर्बिणीने, बंदूक खाली ठेवून. छर्र्यांऐवजी एकच जाड गोळी, म्हणजे स्लग, वापरून हरणाची शिकार करणाऱ्यांना अशी काच उपयोगी पडते. पण तीही डोळ्यापासून पुरेशी दूर बसलेली हवी, नाहीतर भुवई फुटते.

रेड डॉट घेण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. ॲस्टिग्मॅटिझम असलेल्यांना गोल ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसतो आणि ते दुकानात जाऊन भांडतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्या काचेत बघावं. फोटोत ठिपका गोल आला, तर काच ठीक आहे. जायचं ते चष्म्याच्या डॉक्टरकडे.